कागद पोचला, पण टिकला का?

(पुण्यात झालेल्या कार्यकर्ता शिबिरातलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली, बाकी तसंच ठेवलं आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी वाडीवर मोठ्याने वाचून दाखवावं.)



आज आम्हाला दिलेला विषय कोरडा आहे. कोर्टात पुरावे कसे तयार करायचे, आणि आता ते कंप्युटरवरून, म्हणजे ई-फायलिंगने, कसे दाखल करायचे. मोर्चातल्या भाषणासारख्या टाळ्या यात नाहीत. पण जमीन मोर्चात जात नाही. जमीन जाते कचेरीत, एखाद्या दुपारी, एका कागदावर. म्हणून अर्धा तास नीट ऐका.

आम्ही वकील नाही. शिक्षण बारावीपर्यंत. वाडीवरच्या माणसांबरोबर शिवाजीनगरच्या कोर्टात हेलपाटे घालून, वकिलांना विचारून, कारकुनांचं बोलणं ऐकून जे कळलं तेवढंच सांगतो. आणि आधी आपण कुठे चुकलो ते सांगतो. कारण ती चूक उद्या तुमच्याही वाडीवर होणार आहे.

मुळशी खोऱ्यातली एक वाडी. दावा चालू आहे म्हणून गावाचं आणि माणसांचं नाव छापत नाही. तिथे आपली एक आजी आहे, ऐंशीच्या घरातली. तिची तीन एकर जमीन. वरकस आहे, पण नाचणी-वरई पिकते. बाहेरच्या एका पार्टीने आजीवरच दावा लावला. म्हणे जमीन आम्ही विकत घेतलेली आहे, ताबा आमचा आहे, या बाईने आत पाय ठेवू नये. आधार काय? आजीच्या सासऱ्यांचा अंगठा असलेलं खरेदीखत. तेही 1974 नंतरचं. म्हणजे 6 जुलै 1974 नंतर आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि तीसुद्धा सरकारच्या पूर्वमान्यतेने. ती परवानगी खरेदीखतात कुठेच दिसत नाही. त्याचा अर्ज आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा केलाय. पण इकडे दिवाणी कोर्टात समन्स आलं, त्याला उत्तर द्यायलाच हवं होतं.

आपल्याकडे पुरावा काय होता? आजीच्या पेटाऱ्यातला जुना फेरफार. पीकपाहणीला आजीच्या नवऱ्याचं नाव असलेले सातबारे. आणि एक व्हिडिओ. त्या पार्टीची माणसं रात्री जेसीबी घेऊन बांध फोडायला आली, ते वाडीवरच्या एका पोराने मोबाईलवर घेतलं होतं. आम्ही खूश. आम्हाला वाटलं, झालं, यापेक्षा जास्त काय पाहिजे?

मग आमचं कसं चुकलं ते ऐका.

पहिली चूक फेरफाराची. तो आम्ही मोबाईलवर फोटो काढून पीडीएफ केला. घाई होती. फेरफाराचा शेवटचा रकाना असतो, तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही आणि शेरा. फोटोत नेमका तोच रकाना कापला गेला. आणि त्याच रकान्यात लिहिलं होतं की नोंदीला हरकत आली आहे. म्हणजे आजीच्या नवऱ्याने त्या वेळी तोंड उघडलं होतं, सरकारने ते लिहून घेतलं होतं, आणि आम्ही ते आमच्या हाताने कापून कोर्टात दिलं.

दुसरी चूक. सगळे मिळून चाळीसेक कागद एकाच फाईलमध्ये, नाव काय तर ‘स्कॅन एक’. तपासणीत त्रुटी निघाली, फाईल परत आली. त्यात दिवस गेले.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. पोराने तो व्हिडिओ व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवर आहे म्हणून मोबाईलमधला मूळ पुसून टाकला, मेमरी भरली होती. पुढे तो मोबाईलच विकला. आता ग्रुपवरची प्रत म्हणजे दाबून लहान केलेली नक्कल. ती कुणाच्या फोनमधून निघाली, मूळ कुठे आहे, याचं प्रमाणपत्र कोण देणार? समोरच्या वकिलाने हाच प्रश्न विचारला आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं.

फेरफाराची पुन्हा प्रमाणित नक्कल काढून, कोर्टाची परवानगी मागून ती दाखल केली. सध्या कोर्टाने ‘जैसे थे’ ठेवायला सांगितलंय. आजी जमिनीवर आहे. पण दावा उभा आहे, आणि व्हिडिओ अजून लोंबकळतोय.

यातून जी गोष्ट शिकलो ती एका वाक्यात सांगतो. कागद अपलोड झाला म्हणजे कोर्टात पोचला. सिद्ध झाला असं नाही. या दोन गोष्टींत जेवढं अंतर आहे, तेवढ्यात आपली जमीन जाते.

आता नीट समजून घेऊ.

कोर्टात प्रत्येक कागदाला नंबर पडतो, त्याला आपल्याकडे निशाणी म्हणतात. दावा निशाणी 1. तात्पुरत्या मनाईचा अर्ज बहुतेक वेळा निशाणी 5, म्हणून वकील नुसतं ‘पाचचा निकाल’ असं बोलतात. पाचच्या वेळी कोर्ट वरवर बघतं, प्रथमदर्शनी कोणाचं खरं वाटतं ते. तिथे झेरॉक्सही वाचली जाते. तिथे जिंकलं की आपल्या माणसांना वाटतं काम झालं. पण खरं काम पुढे असतं. साक्षीच्या वेळी प्रत्येक कागद कोणी लिहिला, कुठून आला, मूळ कुठे आहे, हे साक्षीदाराने शपथेवर सांगायचं असतं. सरतपास प्रतिज्ञापत्रावर होते, मग उलटतपास. कागदावर निशाणीचा शिक्का पडला तरी त्यातला मजकूर खरा ठरतोच असं नाही. आणि समोरच्याने झेरॉक्स पुढे केली आणि आपण गप्प बसलो, तर ‘ही झेरॉक्स आहे, मूळ आणा’ ही हरकत नंतर घेता येत नाही. हरकत त्याच क्षणी घ्यायची. म्हणून तारखेला वकिलाबरोबर आपला एक माणूस उभा पाहिजे, ज्याला कागद पाठ आहेत.

आपण प्रतिवादी असलो तर समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत द्यायची. कोर्टाने कारण नोंदवून मुदत वाढवली तर 90 दिवसांपर्यंत. आपल्याकडचे कागद कैफियतीसोबतच, यादी करून द्यायचे. मागे राहिलेला कागद नंतर द्यायचा तर कोर्टाची परवानगी लागते. म्हणजे समन्स घेऊन बेलीफ आला त्याच दिवशी पेटारा उघडायचा. ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणायचं नाही.

कागद कोणता धरायचा? सातबारा मोबाईलवर फुकट दिसतो, तो नुसता बघण्यापुरता. कोर्टासाठी महाभूमीवरून डिजिटल सहीचा काढायचा, 15 रुपये लागतात. जुने हाताने लिहिलेले सातबारे आणि फेरफार यांची तलाठी किंवा तहसील कचेरीतून प्रमाणित नक्कल घ्यायची. सरकारी कागदाची प्रमाणित नक्कल कोर्टात चालते, मूळ रजिस्टर कोणी उचलून आणत नाही. आणि महसूल संहितेचं कलम 157 लक्षात ठेवा. सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात. म्हणजे नोंद आपल्या बाजूची असेल तर ती ढाल आहे. विरुद्ध असेल तर ती खोडायचं ओझं आपल्यावर.

पेटाऱ्यातल्या कागदाचं वेगळं मोल आहे. तीस वर्षांपेक्षा जुना कागद, जिथे असायला हवा तिथूनच निघाला, तर त्यावरची सही-अंगठा खरा आहे असं कोर्ट धरू शकतं. म्हणून कागद सापडला की सापडल्या जागेची नोंद करा. कोणाच्या घरात, कोणत्या डब्यात, कोणी काढला, कोण हजर होतं. पण एक ध्यानात घ्या, हाच नियम समोरच्याच्या जुन्या खरेदीखतालाही लागतो. म्हणून त्याचं खत नुसतं ‘खोटं आहे’ म्हणून चालत नाही. मूळ खत दाखवा अशी नोटीस द्या. ओळख पटवणारे साक्षीदार कोण, ते बघा. नोंदणी कार्यालयात अंगठ्यांचं रजिस्टर असतं, त्याच्याशी अंगठा ताडून बघायची मागणी करा.

आता मोबाईल. आपल्या पोरांच्या हातात आज हेच हत्यार आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

जालन्याची एक केस आहे, सुप्रीम कोर्टात गेलेली. 2014 ची विधानसभा निवडणूक, अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की वेळेनंतर, असा वाद. पुरावा म्हणजे निवडणूक कचेरीतलं व्हिडिओ चित्रण. कचेरीकडे प्रमाणपत्र मागूनही मिळालं नाही. 14 जुलै 2020 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र पाहिजेच. मूळ यंत्रच मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात आणून दाखवलं तर ते लागत नाही. आणि कोणी प्रमाणपत्र देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करा, कोर्ट मागवेल. त्या केसमध्ये माणसाने करता येईल ते सगळं केलं होतं, म्हणून त्याला सूट मिळाली. आम्ही काय केलं होतं? मोबाईल विकला होता. आम्हाला कोण सूट देणार?

जुन्या पुरावा कायद्यात हे कलम 65-ब होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात ते कलम 63 आहे. त्या तारखेआधी सुरू झालेली कामं जुन्या कायद्याने चालतात, त्यामुळे तुमचा दावा कधीचा ते वकिलाला विचारा. नव्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग अ ज्याचा मोबाईल त्याने भरायचा. कंपनी, मॉडेल, आयएमईआय नंबर, रंगसुद्धा. भाग ब तज्ज्ञाने. आणि दोन्हीत फाईलचा हॅश लिहायचा.

हॅश म्हणजे काय? वाडीवर आम्ही असं समजावतो की हॅश म्हणजे फाईलचा अंगठा. कंप्युटर फाईल वाचून आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ काढतो. फाईलमध्ये एका ठिपक्याचा फरक पडला तरी ओळ बदलते. व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या व्हिडिओचा अंगठा मूळ व्हिडिओशी जुळत नाही, कारण तो वाटेत बदललेला असतो. म्हणून नियम सोपा: मूळ पुसायचं नाही. मोबाईल विकायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही. त्याच आठवड्यात केबलने उतरवून दोन ठिकाणी ठेवायचं आणि हॅश काढून वहीत लिहायचा. वेळ, जागा, कोणी घेतलं, तेही वहीत. ग्रुपवर टाकायचं असेल तर त्यानंतर टाका.

आता प्रत्यक्ष भरायचं कसं. ई-फायलिंगच्या पोर्टलवर वकिलाला नोंदणी करता येते, तशी स्वतः दावा चालवणाऱ्या पक्षकारालाही येते. मोबाईल नंबर, ईमेल, ओटीपी. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी कोर्टांत ई-सेवा केंद्रं काढली आहेत, तिथे स्कॅन आणि भरायला मदत मिळते. अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. हा 1987 च्या कायद्यातला हक्क आहे. मागताना मान खाली घालायची नाही.

स्कॅन सपाट मशीनवर करा, 300 डीपीआयला. चारही कोपरे दिसले पाहिजेत. पाठची बाजू कोरी असली तरी बघा, कधीकधी तिथेच शिक्का असतो. एक कागद, एक फाईल. नावात कागद, गट नंबर आणि तारीख. यादीत प्रत्येकापुढे लिहा: मूळ आहे, प्रमाणित नक्कल आहे की झेरॉक्स. झेरॉक्सला मूळ म्हणायचं नाही, एकदा पकडलं गेलं की बाकीच्या खऱ्या कागदांवरही संशय बसतो. मोडी किंवा फिकट कागद असेल तर वाचता येईल असं लिप्यंतर सोबत जोडा. अपलोड झाल्यावर पावती छापून घ्या. दुसऱ्या दिवशी पोर्टल उघडून बघा, स्वीकारलं की त्रुटी काढली. प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर घरच्या भिंतीवर लिहून ठेवा, त्यावरून पुढची तारीख मोबाईलवर कळते. आणि मूळ कागद? तो आपल्याकडेच राहतो, कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करायचा. अपलोड झालं म्हणून मूळ चुलीत घालणारी माणसं आम्ही पाहिली आहेत.

एक गोष्ट जरा जोराने सांगतो. ई-फायलिंगमध्ये आधारवरून सही करता येते, त्यासाठी ओटीपी येतो. आजीच्या सासऱ्यांना कोणीतरी म्हणालं होतं, ‘बाबा, इथे अंगठा द्या, बाकी आम्ही बघतो.’ आता म्हणतात, ‘आजी, ओटीपी सांगा, बाकी आम्ही बघतो.’ ओटीपी म्हणजेच अंगठा. कागद वाचून दाखवल्याशिवाय, आपल्या माणसाने समजावल्याशिवाय, कोणालाही ओटीपी सांगायचा नाही. वकील आपला असला तरी नाही. कार्यकर्ता असला तरी नाही. आम्ही मागितला तरी नाही.

काही साथी म्हणतात, हे सगळं शिकलेल्यांचं काम, आपल्या वाडीवर रेंज नाही, लाईट नाही. खरं आहे. पौडवरून गाडी पकडून पुण्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. हे पत्रक आपण अजून सायक्लोस्टाइलवर काढतो, आणि कोर्ट पीडीएफ मागतं. कोर्टाच्या कंप्युटरीकरणाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्र सरकारने सप्टेंबर 2023 मध्ये 7210 कोटी मंजूर केले. त्यातलं ई-सेवा केंद्र तालुक्याच्या कोर्टात पूर्ण वेळ चालावं, तिथे मराठी बोलणारा, कातकरी माणसाला खुर्ची देणारा कर्मचारी असावा, ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण मागणी मान्य होईपर्यंत समोरचा थांबणार नाही. त्याच्याकडे स्कॅनर आहे.

आपल्याच जिल्ह्याची एक आठवण करतो. 12 मे 1875 ला सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातली खतं, वह्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. त्याच दशकात जांभोरीचा होनाजी केंगले डोंगरात सावकारांविरुद्ध उठला होता. ती माणसं अडाणी नव्हती. त्यांना नेमकं कळलं होतं की आपल्याला बांधणारी दोरी कागदाची आहे. 1879 मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. त्यांच्या हातात एकही कागद त्यांचा नव्हता, म्हणून त्यांनी जाळले. आपल्या हातात काही कागद आहेत. 1974 चे कायदे आहेत, 2006 चा वनहक्क कायदा आहे, त्याच्या नियमात तर म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा धरलाय. म्हणून आपल्याला सांभाळायचे आहेत.

म्हाताऱ्या माणसावरून शेवटचं. परवा आम्ही आजीकडे गेलो होतो. ती म्हणाली, ‘पोरांनो, माझा कागद तुम्ही मशीनमध्ये घातला, मला कधी घालता?’ आम्ही हसलो, पण घरी येताना कोणी बोललं नाही. सासऱ्यांचा अंगठा कसा घेतला गेला, त्या दिवशी घरात कोण आलं होतं, हे डोळ्यांनी पाहिलेली ती एकटीच उरली आहे. तिची साक्ष कुठल्याच स्कॅनरवर चढत नाही. दिवाणी प्रक्रियेत पुरेसं कारण असेल तर साक्षीदाराची साक्ष आधीच नोंदवून घ्यायची सोय आहे, आजारी माणसासाठी घरी कमिशन पाठवायचीही आहे. आजीसाठी तो अर्ज आपण या महिन्यात देतोय.

तर इथून जाताना प्रत्येक वाडीने एवढं ठरवायचं. एक वही, एक पत्र्याची पेटी, आणि कागद बघणारी दोन माणसं, त्यातली एक बाई. पुढच्या बैठकीआधी प्रत्येक घरचा कागद काढून यादी करायची. ज्या घरात कागद नाही तिथे म्हातारं माणूस आहे का, ते बघायचं, आणि त्याचं बोलणं लिहून घ्यायचं. यादी बैठकीला आणायची. भाषण आवडलं असं सांगायला येऊ नका, यादी घेऊन या.

जय आदिवासी! जय राघोजी!